पाहुणा आमच्या गावात, कर दिल्ली-मुंबईला

मंडळी, आजचा लेख थोडा तिखट आहे. ज्या नातेवाइकांचे डोंगरात बंगले आहेत त्यांनी रागावू नये. रागावलेच तर निदान शेवटपर्यंत वाचून रागवावे.

विषय आहे मोबाइलवरच्या ॲपवरून दोन-चार दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचा आणि त्यांच्यावरच्या कराचा. वडूजसारख्या दुष्काळी गावात बसून मला या विषयाशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. करायचे आहे. आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, पाचगणी, कास, तापोळा, कोयनेचे खोरे आहे. तिथे आता हॉटेलांच्या बरोबरीने घरे चालतात. आणि आज जे तिकडे आहे ते उद्या खटाव तालुक्यात येणार. औंधचे वस्तुसंग्रहालय आणि यमाई, औंधचा संगीत महोत्सव, मायणीचे पक्षी अभयारण्य, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा हे सगळे आमच्याकडे आहेच. मुक्कामाला खोल्या कमी, एवढेच. त्या झाल्या की ॲपवर दिसायला वेळ लागणार नाही. तेव्हा नियम काय असावेत याचा विचार आत्ताच केलेला बरा.

आधी माझ्यासारख्या जुन्या माणसांसाठी हा प्रकार थोडक्यात सांगतो. एअरबीएनबी नावाची कंपनी २००८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. तिच्या मागून आणखी पुष्कळ आल्या, आपल्याकडच्याही. घरमालकाने फोटो टाकायचे, पाहुण्याने बुकिंग करायचे, पैसे ॲपकडे जमा व्हायचे, ॲपने आपले कमिशन कापून उरलेले मालकाला द्यायचे. कल्पना चांगली आहे. खेड्यातल्या बाईच्या दोन रिकाम्या खोल्यांना मुंबईचे गिऱ्हाईक मिळते, हे मी नाकारत नाही. भांडण आहे ते त्या पैशावरच्या कराचे. तो कोणाकडून घेतला जातो, कोणाकडून घेतला जात नाही, आणि जातो कुठे.

माझ्या नात्यातच याची दोन टोके आहेत, म्हणून उदाहरणासाठी लांब जायला नको.

एक माझी भाची, वाई तालुक्यात दिलेली. घर राहते, त्यातल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. पंधराशे रुपये रात्रीचे. पिठले-भाकरी, आमटी, हवे तर तांदळाची खीर. सकाळी सहाला पाणी तापवायला उठते आणि रात्री अकराला भांडी घासून झोपते. दुसरा माझा पुतण्या, पुण्यात स्थायिक. त्याने पाचगणीच्या अलीकडे एका खेड्यात पाच खोल्यांचा बंगला बांधला आहे, पोहण्याच्या तलावासकट. स्वतः वर्षातून आठ दिवस राहतो. एरवी बंगला ॲपवर. सुट्टीच्या दिवसांत एका रात्रीचे वीस हजार. तिथे राखणदार आहे, स्वयंपाकी आहे, मालक नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात पुतण्या भेटला. म्हणाला, "काका, सरकारनं अगदी लुटायचं ठरवलंय. आता म्हणे ग्रामपंचायतही बंगल्याला व्यापारी दरानं घरपट्टी लावायच्या विचारात आहे. अहो, ते माझं घर आहे. धंदा नाही."

"अरे, मग घरात राहतोस किती?" मी विचारले.

तो हसला. म्हणाला, "तुम्ही मास्तर लोक!"

मास्तर लोक आहोत म्हणूनच हिशेब करतो. पहिले गणित कायद्याचे.

वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, १ जुलै २०१७ पासून आला. त्यात घर राहण्यासाठी भाड्याने दिले तर सर्वसाधारणपणे कर नाही. म्हणजे एखाद्या मास्तराने आपल्या कुटुंबासाठी घर भाड्याने घेतले तर त्यावर जीएसटी नाही, आणि ते योग्यच आहे. पण दोन रात्रींसाठी खोली देणे म्हणजे लॉज चालवणेच. त्यावर कर आहे. फक्त ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून त्याला कर आकारावा लागत नाही. छोट्या माणसाला ही सूट दिली आहे.

आता गंमत बघा. हीच छोटी व्यक्ती ॲपवरून खोली देऊ लागली की सूट संपते. जून २०१७ मध्येच सरकारने अधिसूचना काढून ठेवली की ॲपवरून मुक्कामाची सेवा दिली आणि देणारा नोंदणीपात्र नसला, तर तो कर ॲपने भरायचा. म्हणजे भाचीच्या घरी रस्त्यावरून चौकशी करत पाहुणा आला तर कर शून्य. तोच पाहुणा, तीच खोली, तीच भाकरी, पण बुकिंग ॲपवरून केले तर पहिल्या रुपयापासून कर. शिवाय ॲपच्या कमिशनवर वेगळा १८ टक्के.

हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ती माफीही गेली आणि आठशे रुपयांच्या खोलीवर १२ टक्के बसले. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा दर ५ टक्के झाला, हे चांगले झाले, आणि तसे म्हणायलाही हवे. पण तत्त्व तेच राहिले. भाचीच्या दोन्ही खोल्या मिळून वर्षात दोनशे रात्री गेल्या तर तिची उलाढाल तीन लाख. वीस लाखांच्या मर्यादेपासून ती किती लांब आहे! तरी पाच टक्क्यांनी पंधरा हजार रुपये कर जातोच. "कर पाहुणा भरतो, मालकाला काय?" असे हिशेबनीस सांगतात. पाहुणा शेवटचा आकडा बघतो हो. १५०० ची खोली १५७५ ला पडली की तो भाचीला म्हणतो, "ताई, पंच्याहत्तर कमी करा." आणि ताई कमी करते.

असे का केले असावे? कारण साधे आहे. हजारो घरांत जाऊन कर गोळा करण्यापेक्षा एका कंपनीला धरणे सोपे. सोय म्हणून मला ते पटते. पण वसूल करायला सोपे आहे म्हणून ज्याच्याकडून घ्यायला नको त्याच्याकडूनही घ्यायचे, हा न्याय कुठला? २०२० साली आयकरात ॲपवरच्या विक्रीतून कपात करायची पद्धत आली, तेव्हा वर्षाला ५ लाखांच्या आत विक्री असलेल्या व्यक्तीला पॅन किंवा आधार दिल्यावर त्यातून वगळले होते. म्हणजे छोट्या माणसाला ओळखून बाजूला ठेवणे ॲपला जमते. जीएसटीत ते का जमू नये?

हे झाले भाचीचे. आता पुतण्याचा बंगला.

वीस हजारांच्या रात्रीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६०० रुपये. त्यातले १८०० केंद्राचे, १८०० राज्याचे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो बंगला आहे तिला त्या रात्रीचे किती? शून्य. भाचीच्या पंच्याहत्तर रुपयांतले साडेसदतीस दिल्लीला आणि साडेसदतीस मुंबईला. तिच्याही गावाला शून्य. गावाला मिळते ती फक्त घरपट्टी. ती अजून राहत्या घराच्या दराने, आणि पुतण्यानेच अभिमानाने सांगितले की वर्षाची सगळी घरपट्टी बंगल्याच्या एका रात्रीच्या भाड्याइतकीही होत नाही.

आता त्या एका रात्रीत गाव काय देते ते मोजू. रस्ता गावाचा. दिवाबत्ती गावाची. बंगल्यातल्या वीस माणसांचा कचरा, त्यातल्या बाटल्या, प्लॅस्टिकची ताटे, हे सगळे गावाच्या ओढ्याकाठी. रात्री दीड वाजता लाऊडस्पीकर बंद करायला जाणारा पोलीस पाटील गावाचा. आणि पाणी?

पाण्याचे गणित मी मुलांना फळ्यावर घालायचो तसे घालतो. समजा तलाव ३० फूट लांब, १५ फूट रुंद, ४ फूट खोल. घनफळ १८०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी. म्हणजे तलाव एकदा भरायला जवळजवळ ५१ हजार लिटर. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले, त्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरले. भागाकार करा. एका लहानशा तलावात सव्वानऊशे माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. महाबळेश्वरकडे पाऊस धो धो पडतो हे खरे, पण एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बंगले भरलेले असतात, तेव्हा डोंगरातल्या वाड्यांच्या झऱ्यांना किती पाणी असते ते तिथल्या बायकांना विचारा. आम्ही खटाव-माणची माणसे. टँकरच्या रांगेत हंडे ठेवून मोठे झालो. पाण्याचा हिशेब आम्हाला कोणी शिकवू नये.

पुतण्याचा पहिला बचाव, "घर आहे, धंदा नाही." ज्या घराला दरपत्रक आहे, ज्याच्यात शिरायची आणि निघायची वेळ ठरलेली आहे, जिथे उशी फाटली तर दंड आहे, ते घर नव्हे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथे हॉटेल काढायचे तर दहा परवानग्या. मग बांधताना घर म्हणायचे, चालवताना हॉटेल, आणि पट्टी भरताना पुन्हा घर! असे तीन वेषांतरांचे नाटक आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभले असते.

दुसरा बचाव, "अतिथी देवो भव." जिथे तिथे हे वाक्य भिंतीवर लावलेले असते. मी मराठी शिकवलेला माणूस, म्हणून शब्दाचा अर्थ सांगतो. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी फोड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महिनाभर आधी तारीख टाकून, आगाऊ पैसे भरून, पाच तारे द्यायचे की चार याचा विचार करत जो येतो तो गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचा मान ठेवावा, जरूर ठेवावा. पण त्याच्या आडून कर चुकवू नये. आपल्या जुन्या धर्मशाळा खऱ्या अतिथीसाठी होत्या. त्यांना ना दरपत्रक होते ना तलाव.

तिसरा बचाव जरा वजनदार आहे. "आम्ही जीएसटी भरतो, आणखी गावाचा कर कशाला? सरकारने तो पैसा गावाला द्यावा." यात अर्धे खरे आहे. पूर्वी महाराष्ट्रात हॉटेलच्या खोल्यांवर राज्याचा ऐषआराम कर होता, १९८७ च्या कायद्याने. जीएसटी आला आणि तो त्यात विरघळला. त्यासाठी २०१६ साली १०१ वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा राज्यांच्या यादीतून ऐषआरामावरचा कर काढून टाकला आणि करमणुकीवरचा कर मात्र पंचायती आणि नगरपालिकांपुरता ठेवला. म्हणजे सिनेमा-तमाशाच्या वेळी दिल्लीला ग्रामपंचायतीची आठवण झाली. मुक्कामाच्या वेळी झाली नाही.

वित्त आयोगाचा निधी गावाला मिळतो, हे मला माहीत आहे. पण तो काही गावात किती पाहुणे राहिले हे मोजून येत नाही. ज्या गावात दोनशे माणसे राहतात आणि शनिवारी आठशे झोपतात, त्या गावाचे काय? पाहुण्यांच्या ओझ्याचा पैसा पाहुण्यांबरोबरच यायला हवा.

आणि हे काही जगावेगळे मागणे नाही. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नगरपालिका नाक्यावर माणशी प्रवासी कर घेतातच. माथेरानलाही घेतात. कास पठारावर फुले बघायला गेलात तर शुल्क भरता. तिथे आसपासच्या गावांतल्या लोकांची वन व्यवस्थापन समिती आहे आणि हंगामात त्याच गावांतली माणसे राखणीला, वाहनतळाला उभी असतात. ते शुल्क देताना कोणी लुटले गेल्याचा चेहरा करत नाही, कारण पैसे घेणारा माणूस आणि पठार दोन्ही समोर असतात. मग नाक्याच्या अलीकडच्या, नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या खेड्यांनी काय पाप केले? भिलारसारखे गाव घ्या. स्ट्रॉबेरीचे गाव, २०१७ पासून पुस्तकांचे गाव. लोकांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या, कोणीही जाऊन फुकट वाचावे. अशा गावाच्या तिजोरीत मुक्कामी पाहुण्याचे दहा रुपये पडले तर कोणाचे काय बिघडेल?

परदेशातली उदाहरणे देतो, कारण पुतण्याला परदेशातले लवकर पटते. पॅरिसमध्ये २०१५ पासून हेच ॲप पाहुण्याकडून मुक्काम कर घेऊन शहराला देते. ॲमस्टरडॅमने २०२४ पासून हा कर साडेबारा टक्के केला. जपानमध्ये क्योटो शहर २०१८ पासून मुक्कामावर कर घेते. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या घरांचे अल्पमुदतीचे बुकिंगच रोखले. बार्सिलोनाने तर २०२८ अखेर पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे परवाने संपवायचे जाहीर केले आहे. लांब कशाला, गोव्यात १९८२ च्या कायद्याने पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. ॲप ज्या संगणकाने दिल्लीचा कर कापते, त्याच संगणकाने गावाचा कापू शकते. त्याला फक्त कायद्याने सांगायला हवे.

"पण काका, ग्रामपंचायतीच्या हातात पैसा दिला तर सरपंचाच्या दारात फरश्या बसतील," हा पुतण्याचा शेवटचा बाण. बसतील कदाचित. पण त्या फरश्या गावाला दिसतील आणि ग्रामसभेत एखादी म्हातारी उभी राहून विचारील. दिल्लीला गेलेल्या अठराशे रुपयांचे काय झाले हे ती कोणाला विचारणार? वडूजपासून जवळच औंध आहे. तिथल्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली स्वराज्याची घटना करून कारभार गावपंचायतींपासून वर उभा केला. तेव्हा आमच्या भागातली बहुतेक माणसे अंगठा उठवणारी होती. त्यांच्यावर विश्वास ठेवायला एक राजा तयार झाला, आणि आज शिकलेल्या गावावर विश्वास ठेवायला शिकलेला पुतण्या तयार नाही!

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट मांडतो.

एक, जो मालक स्वतः त्या घरात राहतो, दोन-चार खोल्या देतो आणि ज्याची वर्षाची उलाढाल पाच लाखांच्या आत आहे, त्याला ॲपवरून आलेल्या पाहुण्यावरही जीएसटी नसावा. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचे पर्यटन धोरण आणले, त्यात कर्जाच्या व्याजाचा परतावा देऊ केला. एका हाताने व्याज द्यायचे आणि दुसऱ्या हाताने पहिल्या रुपयापासून कर घ्यायचा, हे आईला शोभत नाही.

दोन, जिथे मालक राहत नाही आणि वर्षातला बराच काळ घर भाड्याने जाते, त्याला व्यापारी दराची घरपट्टी आणि तलावाच्या पाण्याची वेगळी पट्टी लावावी. यासाठी ॲपने दर वर्षी ग्रामपंचायतीला तिच्या हद्दीतल्या घरांची यादी द्यावी. यादी नसेल तर ग्रामसेवकाने काय रोज रात्री बंगल्यांची दारे वाजवत फिरायचे?

तीन, माणशी एका रात्रीला दहा-वीस रुपयांचा मुक्काम कर असावा, ॲपने कापावा आणि थेट त्या गावाच्या खात्यात जावा. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात यात्रेकरूंवर कर बसवायचा अधिकार १९५८ पासून आहे. त्या काळी परगावचा माणूस गावात मुक्कामाला यायचा तो बहुधा देवाला. आता तलावात डुंबायला येतो. कायद्याने त्यालाही ओळखावे. आणि हा पैसा पाणी आणि कचरा या दोनच कामांवर खर्च व्हावा, हिशेब चावडीवर लागावा.

वीस रुपयांनी पर्यटक पळून जातील, असे कोणी म्हणू नये. वीस हजार देणारा माणूस वीस रुपयांसाठी गाडी वळवत नाही. आणि वळवणारच असेल तर त्याला वाईच्या पुढे माझ्या भाचीकडे पाठवा. पिठले गरम आहे.

पुतण्या हा लेख वाचणार हे मला माहीत आहे. बाळा, तुझ्या बंगल्यावर माझा राग नाही, तू कष्टाने बांधलास. पण व्यापारी दराने पट्टीची नोटीस आली तर वकिलाकडे जाण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन भरून ये. पावती मला पाठव. पुढच्या सुट्टीत तुझ्या तलावाकाठी बसून मी ती सगळ्या घरादाराला मोठ्याने वाचून दाखवीन.

बाकीच्यांनी आपापल्या गावात काय चालले आहे ते जरूर कळवा. कोकणातल्या आणि गोव्याकडच्या मंडळींनी तर नक्कीच. तूर्तास इतकेच.